सिरीयल लिंकला स्वतःचा आयपी लागतोच असं नाही

मागच्या आठवड्यात महापेच्या ऑफिसात डबा खाऊन जागेवर आलो तर आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी लॅपटॉप घेऊन उभी. तिची सर्टिफिकेशनची तयारी चाललीये, म्हणून स्टोअरमधले दोन जुने सिस्को राउटर काढून दिले होते तिला, त्यातल्या एकात जुनं कॉन्फिग तसंच पडून होतं. म्हणाली, "सर, ह्यात गडबड आहे. दोन सिरीयल पोर्ट आहेत आणि दोन्हीवर एकच आयपी दिसतोय, लूपबॅकचाच. मी काढून दोन वेगळे स्लॅश-३० टाकू का?" मी म्हटलं थांब, पुसू नकोस, ते मीच लिहिलंय आणि मुद्दाम तसं लिहिलंय. (सिरीयल पोर्ट म्हणजे लांबच्या ऑफिसला जोडणारी लाइन राउटरला जिथे लागते तो; लूपबॅक म्हणजे राउटरमधला वायर नसलेला, नुसता सॉफ्टवेअरमधला इंटरफेस; स्लॅश-३० म्हणजे चार पत्त्यांचा छोटा सबनेट, पत्त्यांचा गट.) मग तासभर बसून तिला समजावलं, आणि घरी येताना ट्रेनमध्ये वाटलं की हे मराठीत कुठेतरी लिहून ठेवायलाच पाहिजे, कारण आता शिकणाऱ्या पोरांना सिरीयल लिंक बघायलाच मिळत नाही आणि ही गोष्ट समजली नाही तर राउटिंगची एक मोठी गाठ सुटायची राहून जाते.

पहिला प्रश्न हाच की लिंकला आयपी लागतो कशाला. इथरनेटवर कारण उघड आहे, तिथे एका स्विचवर पन्नास मशीन लटकलेल्या असतात, पॅकेट पुढे द्यायचं तर नेमकं कोणाला द्यायचं ते ठरवावं लागतं, त्यासाठी नेक्स्ट हॉपचा, म्हणजे पुढच्या राउटरचा आयपी, मग एआरपी करून, म्हणजे स्विचवरच्या सगळ्यांना विचारून, त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा नंबर शोधायचा, मग फ्रेम सोडायची. सिरीयल लाइनवर ह्यातलं काहीच नाही. एचडीएलसी असो नाहीतर पीपीपी (सिरीयल लाइनवर डेटा पाठवायच्या ह्या दोन पद्धती), वायरीच्या दुसऱ्या टोकाला एकच राउटर बसलेला आहे, ह्या टोकाने जे सोडलं ते त्यालाच मिळणार, एआरपी नाही, मॅक नाही, निवड करायचीच नाही. राउटरला एवढं कळलं की हे नेटवर्क सिरीयल झिरोच्या पलीकडे आहे, बास, काम झालं. ठाण्याहून ऐरोलीला जाताना विटाव्याच्या पुलाखालून जातो आपण, त्या पुलाच्या पत्त्यावर कोणी पत्र टाकत नाही, पत्ता ह्या बाजूच्या घराला असतो नाहीतर त्या बाजूच्या घराला. सिरीयल लिंकचं अगदी तसंच.

तरीपण एक अडचण उरते. राउटर स्वतः जेव्हा त्या लिंकवरून काही पाठवतो, म्हणजे राउटिंग अपडेट किंवा पिंगचं उत्तर, तेव्हा पॅकेटच्या सोर्समध्ये काहीतरी आयपी लिहावा लागतो, रिकामा ठेवून चालत नाही. त्यावर उपाय म्हणजे आयपी अननंबर्ड. सिरीयल पोर्टला सांगायचं की तुझा स्वतःचा पत्ता नाही, तू ह्याच राउटरवरच्या अमुक इंटरफेसचा पत्ता वापर. उसना घेतलेला पत्ता. एवढीच ती कमांड.

आता हे काढलं कशासाठी तर पत्ते वाया जात होते म्हणून, आणि किती वाया जात होते ते आजच्या पोरांना खरं वाटत नाही. स्लॅश-३० घेतलं तर चार पत्ते जातात आणि दोन कामाला येतात, हे तर पुस्तकात असतंच. पण जुन्या रिप व्हर्जन वन आणि आयजीआरपी ह्या राउटिंग प्रोटोकॉलच्या (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायच्या पद्धतींच्या) काळात स्लॅश-३० ची सोयच नव्हती, कारण ते प्रोटोकॉल अपडेटमध्ये मास्क (सबनेट केवढा ते सांगणारा आकडा) पाठवतच नाहीत, त्यामुळे एका मेजर नेटवर्कमध्ये सगळीकडे एकच मास्क ठेवावा लागायचा. समजा ऑफिसच्या लॅनसाठी २५५.२५५.२५५.० मास्क घेतला, की दोन राउटरमधल्या एका वायरीलासुद्धा तेवढाच अख्खा सबनेट द्यायचा, २५४ पत्त्यांतले दोन वापरायचे आणि २५२ पडून. शिवाय खाजगी पत्त्यांचा आरएफसी (इंटरनेटचे नियम लिहिलेला दस्तऐवज) १९१८ आला फेब्रुवारी १९९६ मध्ये, त्याआधी कित्येक ठिकाणी खरे पब्लिक पत्तेच असे वायरींवर घातले जायचे.

आम्ही मात्र दहाच्या, म्हणजे १० ने सुरू होणाऱ्या खाजगी पत्त्यांच्या नेटवर्कवर होतो, पत्त्यांची ददात नव्हतीच, चौदा ब्रांच म्हणजे चौदा स्लॅश-३०, छप्पन्न पत्ते, कोण विचारतंय. मी अननंबर्डकडे वळलो ते दुसऱ्या कारणाने. प्रत्येक नवीन गोडाऊन उघडलं की एक्सेलच्या शीटमध्ये पुढचा स्लॅश-३० शोधा, विषम पत्ता हेड ऑफिसला सम ब्रांचला, लाइन दुसऱ्या पोर्टवर हलवली की परत शीट बदला, कोणीतरी शीट न बघता तोच सबनेट तळोज्याला पण देऊन टाकतो आणि मग दोन दिवस शोधत बसा. राउटिंग टेबल उघडलं की निम्म्या ओळी नुसत्या वायरींच्या, ज्यांच्यावर एकही माणूस काम करत नाही. मला ते बघवत नसे. टेबलमध्ये खऱ्या जागा दिसाव्यात, वाशी, भिवंडी, मुरबाड, असं मला वाटायचं आणि अजूनही वाटतं.

कॉन्फिग बोलून दाखवतो, टाइप करताना इंग्रजीत करालच. आधी इंटरफेस लूपबॅक झिरो, त्यावर आयपी ॲड्रेस १०.२५५.०.१ मास्क २५५.२५५.२५५.२५५. मग इंटरफेस सिरीयल झिरो स्लॅश झिरो, त्यावर एनकॅप्सुलेशन पीपीपी, आणि आयपी अननंबर्ड लूपबॅक झिरो. पलीकडच्या राउटरवर हेच, फक्त लूपबॅक १०.२५५.०.२. ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल चालवत असाल तर नेटवर्क स्टेटमेंटमध्ये लूपबॅकचा पत्ता घ्या, तो घेतला की त्याच्या जिवावर चालणारे सगळे सिरीयल पोर्ट आपोआप त्याच एरियात, म्हणजे ओएसपीएफच्या गटात येतात, वेगळी ओळ लागत नाही. स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला रूट टाकणार असाल तर नेक्स्ट हॉपच्या जागी सरळ सिरीयल झिरो स्लॅश झिरो लिहायचं. इथरनेटवर असा नुसता इंटरफेस दाखवणारा रूट टाकणं वाईट सवय आहे, राउटर प्रत्येक बाहेरच्या पत्त्यासाठी एआरपी करत सुटतो, पण सिरीयलवर एकदम योग्य.

पीपीपीच का, तर जोडणी होताना दोन्ही राउटर आयपीसीपीमध्ये (पीपीपीतली आयपी ठरवायची बोलणी) एकमेकांना आपापला पत्ता सांगतात आणि सिस्को पलीकडच्याचा तो पत्ता स्लॅश-३२, म्हणजे एकट्या पत्त्याचा रूट म्हणून स्वतःच्या टेबलमध्ये घालून टाकतो. म्हणजे लिंक उठली की कुठलाही राउटिंग प्रोटोकॉल सुरू नसला तरी समोरच्याचा लूपबॅक पिंग होतो. एचडीएलसीमध्ये हे होत नाही, तिथे पोर्ट अप अप दिसतो पण समोरच्याचा पत्ता टेबलमध्ये नसतो आणि नवीन माणूस घाबरतो.

आता ज्याच्यासाठी मुळात हे लिहायला बसलो ती गोष्ट. पत्ता लूपबॅकचाच घ्या, इथरनेटचा घेऊ नका. जुन्या उदाहरणांत सर्रास इथरनेटचा घेतलेला दिसतो आणि मी पण सुरुवातीला तसंच केलं होतं, कारण इथरनेटला पत्ता असतोच, वेगळा लूपबॅक कशाला बनवा.

२००६ चा पाऊस. सोमवारी सकाळी काल्हेरच्या गोडाऊनमधून फोन, सिस्टीम चालत नाही. मी हेड ऑफिसच्या राउटरवर शो इंटरफेस मारला, सिरीयल अप, लाइन प्रोटोकॉल अप, दर दहा सेकंदाला कीपअलाइव्ह (लाइन जिवंत आहे सांगणारी छोटी पॅकेट) जातायत येतायत, एरर शून्य. पण तिकडचा पत्ता पिंग होत नाही, टेलनेट (लांबून लॉगिन) नाही, काही नाही. लाइन अप असताना पत्ता मेलेला. मी लीज लाइनवाल्यांकडे तक्रार टाकली, त्यांनी बिचाऱ्यांनी मोडेमला लूप टाकून तपासलं आणि सांगितलं लाइन क्लीन आहे, आणि ती होतीच. दुपारी दोनपर्यंत वाट बघितली. गोडाऊनमध्ये ट्रक उभे, चलन निघत नाही, सुपरवायझर काका दर पंधरा मिनिटांनी फोन करून विचारतायत "साहेब, कधी होईल?", आणि त्यांना काय सांगायचं ते मला कळेना.

शेवटी महापेहून ठाण्याला, तिथून माजिवड्यावरून बाळकुम, कशेळीच्या पुलावर कंटेनरची रांग, पावसात तिथे पोचायला सव्वापाच. गोडाऊनच्या कोपऱ्यात पत्र्याची केबिन, भिंतीला टेकवलेलं छोटं कपाट, आत मोडेम आणि राउटर. मोडेमचे दिवे हिरवे, व्ही-३५ ची जाडजूड केबल, तिचे दोन्ही स्क्रू घट्ट. फिकट निळी कन्सोल केबल लावली, शो आयपी इंटरफेस ब्रीफ मारलं, सिरीयल अप अप आणि फास्ट इथरनेट अप डाऊन. डोकं वर करून बघितलं तर आठ पोर्टच्या स्विचचा एकही दिवा लागलेला नाही. राउटर आणि मोडेम यूपीएसवर होते, स्विच भिंतीच्या बोर्डावर, आणि शनिवारी रात्री छत गळायला लागलं म्हणून कोणीतरी तो बोर्ड बंद करून वर प्लॅस्टिक बांधून ठेवलं होतं. समजूतदारपणेच केलं होतं त्याने, शॉक लागू नये म्हणून.

स्विच बंद म्हणून राउटरचा इथरनेट डाऊन. इथरनेट डाऊन म्हणून त्याचा पत्ता निकामी. आणि सिरीयल त्याच पत्त्यावर जगत होता, म्हणून सिरीयलचा आयपीसुद्धा गेला, वायर ठणठणीत असताना. स्विचची पिन यूपीएसला लावली आणि पिंग यायला लागले. पण हेड ऑफिसमधून सकाळीच राउटरवर जाता आलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं की इथरनेट पडलाय, फोनवर काकांना म्हटलं असतं स्विचचा दिवा बघा, ट्रक दिवसभर उभे राहिले नसते. एका चुकीच्या शब्दापायी तो दिवस गेला, फास्ट इथरनेटच्या जागी लूपबॅक लिहायचं होतं. लूपबॅक हा सॉफ्टवेअरमधला इंटरफेस, त्याला ना वायर ना प्लग, तुम्ही स्वतः शटडाऊन मारत नाही तोवर तो अपच राहतो. त्याच रात्री ओल्या कपड्यांत तिथे बसून लूपबॅक बनवला आणि पुढच्या पंधरा दिवसांत बाकीच्या तेरा ठिकाणचं बदललं.

ते तेरा मात्र लांबूनच बदलले, आणि त्यात एक काळजी घ्यायची. अननंबर्डचा पत्ता बदलता त्या क्षणी तुमचं टेलनेट तुटू शकतं, म्हणून आधी हेड ऑफिसला नव्या लूपबॅकचा रूट टाकून ठेवायचा, ब्रांचला लूपबॅक बनवून तो पिंग होतोय बघायचं, मग त्या नव्या पत्त्यावर परत लॉगिन करायचं, रिलोड इन १० मारायचं आणि त्यानंतरच सिरीयलची ओळ बदलायची. काही फसलं तर दहा मिनिटांनी राउटर सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवर उठतो. जमलं तर रिलोड कॅन्सल आणि मग सेव्ह. मुरबाडला एकदा खरंच फसलं होतं, दहा मिनिटं श्वास रोखून बसलो आणि राउटर परत आला, नाहीतर कल्याणवरून एसटी पकडायची वेळ होती.

दुसरी ठेच ओएसपीएफची, ही नीट ऐका कारण ह्यात राउटर सगळं बरोबर आहे असंच दाखवतो. स्टॅटिक काढून ओएसपीएफ आणत होतो, रात्री अकरानंतर काम. वाशीच्या बाजूला अननंबर्ड केलं, इकडे हेड ऑफिसला त्या एका पोर्टवर जुना स्लॅश-३० चा पत्ता राहून गेला. शो आयपी ओएसपीएफ नेबर मारलं तर नेबर फुल, म्हणजे दोघांची ओळख पूर्ण झालेली. फुल म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो. पण टेबलमध्ये वाशीचा एकही रूट नाही. डेटाबेस बघितला तर वाशीचं एलएसए (राउटर आपल्या लिंकांची माहिती पाठवतो ते पत्रक) आलेलं आहे, सगळी नेटवर्कं त्यात आहेत, आणि त्याच्या डोक्यावर एक ओळ, ॲडव्हर्टायझिंग राउटर इज नॉट रीचेबल. नेबर समोर उभा आहे, बोलतोय, आणि हा म्हणतो पोचता येत नाही.

कारण असं की ओएसपीएफ प्रत्येक पॉइंट टू पॉइंट लिंकचं वर्णन एलएसएमध्ये लिहितो, त्यात लिंक डेटा नावाचा रकाना असतो. लिंकला स्वतःचा पत्ता असेल तर तिथे तो पत्ता जातो, अननंबर्ड असेल तर पत्त्याऐवजी त्या इंटरफेसचा अनुक्रमांक जातो, १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्येच तसं ठरवलेलं आहे. सिस्कोवर तो ०.०.०.५ असा विचित्र दिसतो, पत्त्यासारखा पण पत्ता नाही. आता एका टोकाने लिहिलं १०.१.१.१ आणि दुसऱ्याने लिहिलं ०.०.०.५, तर हिशोब करताना राउटरला ह्या दोन टोकांची सांगड घालता येत नाही, आणि तो वाशीला आपल्या रस्त्यांच्या नकाशाला जोडतच नाही. हेड ऑफिसच्या पोर्टवर अननंबर्ड टाकलं, काही सेकंदांत सगळे रूट आले. पावणेदोन वाजले होते. तेव्हापासून माझ्याकडे एकच नियम, अननंबर्ड करायचं तर दोन्ही टोकांना, नाहीतर कुठल्याच नाही.

तोटे पण सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. सिरीयल पोर्टला वेगळा पत्ता नाही म्हणजे नेमका तोच पोर्ट पिंग करून बघता येत नाही, पिंग आला म्हणजे राउटर जिवंत आहे एवढंच कळतं, कुठल्या रस्त्याने आला ते नाही. मॉनिटरिंगला पिंगवर भरवसा न ठेवता एसएनएमपीने (राउटरची माहिती लांबून विचारायचा प्रोटोकॉल) पोर्टची स्थिती विचारावी लागते. आणि दोन राउटरमध्ये दोन लाइन असतील तर ट्रेसराउटला (रस्त्यातले राउटर दाखवणारी कमांड) दोन्हीकडून तोच लूपबॅक दिसतो, पॅकेट कुठल्या लाइनने गेलं ते ओळखू येत नाही. वागळे इस्टेटच्या आमच्या ऑफिसला अशा दोन लाइन होत्या, त्यातली एक मधेच एरर द्यायची आणि ती कुठली हे प्रत्येक वेळी दोन्ही पोर्टचे काउंटर क्लिअर करून बघावं लागायचं. तिथे मी शेवटी पत्ते दिले, पण स्लॅश-३० नाही, स्लॅश-३१. डिसेंबर २००० च्या आरएफसी ३०२१ मध्ये ही सोय आलेली आहे, दोन पत्ते आणि दोन्ही कामाचे, पॉइंट टू पॉइंट लिंकवर नेटवर्कचा आणि ब्रॉडकास्टचा पत्ता राखून ठेवायची गरजच नाही. ज्या लिंकवर रोज बोट ठेवावं लागतं तिला स्लॅश-३१ द्यावा आणि बाकी सगळ्या अननंबर्ड, असं माझं मत झालंय.

ती मुलगी म्हणाली, "पण सर, सिरीयल आता आहेत कुठे?" तर सिरीयल गेल्या, ही युक्ती राहिली. घरी पीपीपीओईवर, म्हणजे इथरनेटवरून चालणाऱ्या पीपीपीवर ब्रॉडबँड असेल तर राउटरचं वॅनचं पान उघडून बघा, बहुतेक वेळा मास्क २५५.२५५.२५५.२५५ दिसेल, एकट्या तुमचा पत्ता, सबनेटच नाही. पलीकडे प्रोव्हायडरच्या मोठ्या राउटरवर हजारो घरांसाठी एकच लूपबॅक अननंबर्ड वापरता येतो, नाहीतर प्रत्येक फ्लॅटमागे चार पत्ते घालवावे लागले असते. जीआरई टनेलवर, म्हणजे दोन राउटरमधल्या आभासी लिंकवर पण हे चालतं. आणि आता ऐरोली-रबाळेला जी डेटा सेंटरं उभी आहेत तसल्या ठिकाणी स्विचच्या मधल्या शेकडो लिंकवर एकही आयपीव्ही-४ पत्ता न घालता बीजीपी हा राउटिंग प्रोटोकॉल चालवता येतो, आयपीव्ही-६ चा लिंक लोकल (त्या लिंकपुरताच चालणारा) पत्ता इंटरफेस स्वतःच बनवतो, त्याला नेक्स्ट हॉप धरून आयपीव्ही-४ चे रूट पाठवायचे. २००९ चा आरएफसी ५५४९, आता त्याच्या जागी २०२० चा ८९५०. त्यालाही लोक बीजीपी अननंबर्डच म्हणतात. शब्द तोच आहे, आणि मागचा विचारही तोच की दोन टोकांच्या वायरीला नाव कशाला.

मग आम्ही ते दोन राउटर एकमेकांना व्ही-३५ ची बॅक टू बॅक केबल लावून जोडले. डीसीईच्या, म्हणजे लाइनला वेगाचा ठोका देणाऱ्या बाजूला क्लॉक रेट ६४००० द्यायला ती विसरली होती म्हणून लाइन उठेना, ते केल्यावर उठली. तिने स्वतःच्या हाताने दोन्हीकडे लूपबॅक बनवले, पीपीपी लावलं, अननंबर्ड टाकलं, टेबलमध्ये समोरचा स्लॅश-३२ आलेला बघून खुर्चीतच सरळ झाली. मग एका बाजूचा लूपबॅक शटडाऊन करून बघितला, पिंग गेले. परत नो शट, परत आले. मग मी तिला दोन्ही सिरीयल पोर्टवर डिस्क्रिप्शन टाकायला सांगितलं, कारण पत्ता नसलेल्या पोर्टची ओळख म्हणजे तेवढी एक ओळ. तिने पहिल्या पोर्टवर नुसतं "टू ब्रांच" लिहिलं. मी ते काढायला लावलं आणि कुठलं गाव, कुठला राउटर, त्याचा कुठला पोर्ट आणि लाइनचा सर्किट नंबर, सगळं घालायला लावलं, आणि तीच ओळ चिकटपट्टीवर पेनाने लिहून केबलच्या कनेक्टरजवळ गुंडाळली.